खुनाच्या सकाळी बर्फ कोणी काढला?

हेलेदाल,
ईस्टरनंतरचा बुधवार

प्रिय मावसबहीण आस्लाउग हिला थोरला भाऊ ओडवार याचे अनेक आशीर्वाद (तू आता छापील लेखिका झालीस. आशीर्वाद चालत नसतील तर नमस्कार समजून घे, मला दोन्ही सारखेच).

इकडे सगळं ठीक आहे. माझा डावा गुडघा सोडला तर तब्येतीबद्दल तक्रार नाही, आणि गुडघ्याबद्दलही नाही, कारण बर्फ कधी पडणार हे तो रेडिओच्या आधी सांगतो. मांजर बरी आहे. ती तुझी आठवण काढत नाही, पण ती कोणाचीच काढत नाही. तुझी प्रकृती कशी आहे? तुझ्या घरी राहणारे ते दाढीवाले गृहस्थ कसे आहेत? (अजून राहतात ना? मागच्या वेळी मी असाच एकाचा नमस्कार कळवला होता, आणि तोपर्यंत माणूस बदलला होता.) ऑस्लोत यंदा बर्फच पडला नाही असं ऐकलं. वाईट वाटलं. काही लागलं तर कळव, इथे चर्चच्या भिंतीला टेकून दोन मीटर शिल्लक आहे.

तर तुझी कादंबरी वाचली. आता तुला ठाऊकच आहे की ईस्टरला आपल्या लोकांना खुनाशिवाय चैन पडत नाही. प्रभू येशूची आठवण ठेवायची ती सुट्टी, आणि आपण पाच दिवस चुलीशी बसून संत्री सोलत कोणी कोणाला मारलं हे वाचतो. यात कोणाला काही वावगं वाटत नाही, पाद्रीणबाईंनासुद्धा नाही. दर ईस्टरला दुधाच्या खोक्यावर छापतात ते खुनाचं कोडं मी यंदा कॉफी उकळायच्या आत सोडवलं (काकूच होती, हातमोज्यांवरून कळलं). पण यंदा दुधाच्या खोक्याला कोण विचारतो! आपल्या खोऱ्यातल्या मुलीने आपल्या खोऱ्यातला खून लिहिला म्हटल्यावर दुकानदार टोर्लाइफने साठ प्रती मागवल्या. इथे माणसं एकशे नव्वद. त्यातली काही अजून वाचायच्या वयाची नाहीत आणि काहींनी वाचायचं सोडून दिलंय. तरी साठच्या साठ प्रती गुरुवारच्या आत संपल्या. 'चर्चच्या वळणावर' हे नाव वाचूनच लोक एकमेकांना कोपराने ढोसायला लागले होते.

पुस्तक वाचायची आमची रीत मात्र तुला आवडेल की नाही ठाऊक नाही. कोणी पहिल्या पानापासून वाचलं नाही. सगळ्यांनी आधी स्वतःला शोधलं. तू नावं बदललीस, खोऱ्याचं नाव बदललंस, नदी उलट्या दिशेने वाहायला लावलीस, पण माणसं ओळखायला आम्हाला नदी लागत नाही. टोर्लाइफ सापडला पान नऊवर, मेलेला. त्याला इतका आनंद झाला की त्याने ते पान मोठं करून गल्ल्यामागे लावलंय आणि गिऱ्हाइकाला खारवलेलं मटण बांधून देताना 'माझ्या मानेवरचा घाव वाचलात का?' म्हणून विचारतो. पाद्रीण इंगुन्न यांच्यावर तू दोनशे पानं संशय ठेवलास. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं वाटून मला त्यांची काळजी वाटली होती. पण गुड फ्रायडेला चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती, आणि बाई प्रवचन देताना मधूनच अशा थांबत होत्या की जणू आता कबुली देणार. विधवा रांगफ्रिदचं तू जनावरांच्या डॉक्टरशी लफडं दाखवलंस. ती दोन दिवस भयंकर रागावली होती. तिसऱ्या दिवशी नवी टोपी घालून बाहेर पडली. डॉक्टर तर खुनीच निघाला. तो आता लोकांच्या गायी तपासताना शिट्टी वाजवतो.

मीही शोधलं. हे लिहायला संकोच वाटतो, कारण आपल्या खोऱ्यात स्वतःबद्दल सलग दोन वाक्यं बोलणाऱ्याला ताप आलाय का म्हणून विचारतात. पण पत्रात कपाळाला हात लावून बघायला कोणी नाही, म्हणून लिहितो. तेहतीस हिवाळे मी या रस्त्यावरचा बर्फ काढतोय. हा तेहतिसावा शेवटचा. येत्या शरदापासून खालच्या गावातली एक कंपनी ते काम करणार आहे. त्यांच्या गाडीत पडदा असतो, त्यावर रस्ता आपोआप दिसतो, त्यामुळे रस्त्याच्या कडेला बांबूच्या काठ्या रोवायचीही गरज नाही म्हणे. (मी दर ऑक्टोबरात सहाशे चाळीस काठ्या रोवतो. या वर्षीच्या मीच उपटणार, तेवढं काम मला ठेवलंय.) तेव्हा मला वाटलं होतं की गाडी गेली, काठ्या गेल्या, तरी एखाद्या पुस्तकात कुठेतरी आपण राहू. खुनी नाही तर नाही, साक्षीदार तरी. अगदीच काही नाही तर मला पान तीसच्या आसपास मारून टाकलं असतंस तरी चाललं असतं.

तीनशे ब्याण्णव पानं वाचली. मी नाही. टोर्लाइफने माझी कीव येऊन बोट ठेवून दाखवलं, 'आहेस की रे, पान एकशे त्रेसष्ट! दाराशी झोपलेला तो म्हातारा कुत्रा. तोही कोणावर भुंकत नाही.' रांगफ्रिदने वाफळती कॉफी ओतता ओतता माझं सांत्वन केलं, 'नाहीस तेच बरं, ओडवार. तुझ्या हातून खून व्हायचाच नाही. तू आधी ज्याला मारायचं त्याची परवानगी मागशील.' मी हसलो. तीन दिवस हसत होतो.

आता तक्रारीकडे वळतो, आणि ती तांत्रिक आहे, वैयक्तिक नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पान चौदावर तू लिहितेस, 'रात्रभर बर्फ पडला होता, पण सकाळी रस्ता मोकळा होता.' ठीक. त्याच पानावर, चार ओळी खाली, सकाळी नऊ वाजता तुझी ती तपास अधिकारी बाई चर्चच्या वळणावर रस्त्याच्या कडेला टोर्लाइफचं प्रेत बघते आणि प्रेतापासून पाद्रीणबाईंच्या घरापर्यंत गेलेले बुटांचे स्वच्छ ठसे बघते. त्या ठशांवर तुझी कादंबरी उभी आहे. आस्लाउग, खून पहाटे पाचला झाला. सकाळी रस्ता मोकळा होता म्हणजे पाच आणि नऊच्या मध्ये तो कोणीतरी मोकळा केला. बर्फ काही शाळेतला मुलगा नाही, 'बाजूला हो' म्हटल्यावर व्हायला. गाडीचा फाळ तो उचलून कडेला चार मीटर फेकतो, आणि चर्चचं वळण आतल्या बाजूला उतरतं असल्यामुळे तिथे पाच मीटर. ठसे राहायची सोयच नाही. प्रेतही राहायची सोय नाही. माझ्या अंदाजाने टोर्लाइफ थेट मे महिन्यात सापडला असता, सतरा तारखेच्या राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत, वाजंत्री वाजत असताना. कादंबरी पान नऊवर संपली असती.

आणि समजा, चमत्कार होऊन ठसे राहिले. तरी त्या वेळी त्या रस्त्यावर जागा असलेला माणूस एकच. मग तुझी तपासबाई दूधवाल्याला विचारते, घंटा वाजवणाऱ्याला विचारते, तीन दिवस आजारी असलेल्या शिक्षिकेला अंथरुणातून उठवून विचारते, पण बर्फगाडीच्या माणसाला का विचारत नाही? कर नाही त्याला डर कशाला, हे खरं. पण निदान विचारावं तरी!

हे सगळं मी मनात ठेवणार होतो. पण शनिवारी दुपारी सभाघरात वॅफल आणि कॉफी होती, सगळं खोरं तुझं पुस्तक बगलेत धरून आलं होतं, आणि पाद्रीणबाईंनी विचारलं, कोणाला काही शंका? तेहतीस वर्षांत सभेत मी एकदाच बोललोय, आणि तेही खिडकी लावा म्हणून. माझा हात कसा वर गेला कळलं नाही. मी ठशांचं सांगितलं. एकच गलका झाला. डॉक्टर म्हणाला की मी असूयेने बोलतोय. (खुनी लोकांचा गर्व काही वेगळाच असतो.) टोर्लाइफला तर स्वतःचं प्रेत मे महिन्यापर्यंत सापडणार नाही ही कल्पनाच सहन होईना. शेवटी तोच ओरडला, 'मग करून दाखव! मी मरतो, तू गाडी आण!'

आपली माणसं कशी आहेत तुला माहीत आहे. कुंपण घालायचं असो की कोणाचं छप्पर दुरुस्त करायचं असो, एकाने हाक दिली की सगळे फावडी घेऊन हजर. हा खूनही त्याच हिशेबात धरला गेला. अर्ध्या तासात वॅफलच्या साच्यासकट सगळी मंडळी चर्चच्या वळणावर. टोर्लाइफ जाड कोटावर दुकानाचा एप्रन बांधून, पान नऊवर लिहिलंय त्याच कुशीवर, कडेला आडवा झाला. पाद्रीणबाई बूट आपटत त्याच्यापासून आपल्या फाटकापर्यंत चालत गेल्या आणि फार सुरेख ठसे उमटवून आल्या. मी त्याच्या डोक्याशी बांबूची काठी रोवली. लोक हसले. पण बर्फात काय ठेवलंय याची खूण ठेवल्याशिवाय मी कधी गाडीत बसलो नाही, मग ते प्रेत का असेना.

इथे माझी एक चूक झाली, ती कबूल करतो. सावकाश जायचं ठरलं होतं. पण त्या वळणावर सावकाश गेलं तर बर्फ बाजूला पडत नाही, पुढेच साठतो. तेहतीस वर्षांची सवय, पाय आपसूक दाबला गेला. शिवाय आरशात मला सगळं खोरं दिसत होतं आणि सगळं खोरं माझ्याकडे बघत होतं, तर त्याचाही परिणाम झाला असेल. बर्फ पाच नाही, सात मीटर गेला. टोर्लाइफ गेला, ठसे गेले, वॅफलचं टेबल गेलं, आणि रांगफ्रिदची नवी टोपी अजून सापडलेली नाही. काठीचं टोक मात्र वर होतं. त्या टोकावरून अंदाज घेऊन आम्ही त्याला दोन मिनिटांत उकरून काढला. भुवया पांढऱ्या, तोंडात अर्धा वॅफल. पहिला शब्द काय असेल? 'ठसे?' मी म्हणालो, 'एकही नाही.' तेव्हा तो मोठ्या समाधानाने म्हणाला, 'दोनदा मेलो. याला म्हणतात ईस्टर!'

मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. पाद्रीणबाई बूट झटकत म्हणाल्या, 'म्हणजे या खोऱ्यात कोणालाही वसंतापर्यंत गायब करू शकणारा माणूस एकच आहे.' आस्लाउग, माझ्या आयुष्यात मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये माझ्या बाकावर लोक जरा अंतर राखून बसले. रांगफ्रिदने तपकिरी चीजवर दुप्पट मुरांबा घालून पहिला वॅफल मला दिला, आणि देऊन दोन पावलं मागे सरकली. (चुलीच्या उबेसाठीही असेल, टोपी नव्हती.) एरवी आपल्याकडे रस्त्यात गाडी समोरून आली की चाकावरून एक बोट उचलायचं, एवढाच रामराम. रविवारी मला पूर्ण पंजे मिळाले.

हे दोन दिवस टिकलं. सोमवारी दिवसभर बर्फ पडला. मंगळवारी पहाटे मी नेहमीसारखा निघालो, खिंडीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या, आणि दहा वाजता दुकान उघडल्यावर कॉफी घ्यायला गेलो. आत बायका मटण घेत होत्या. त्यांच्यातली एक माझ्याकडे बघतच म्हणाली, 'एवढा पडला, पण नशीब, रस्ता मोकळा होता.' टोर्लाइफ म्हणाला, 'हो, मोकळाच होता.' मी कॉफी घेतली आणि घरी आलो.

हे वाक्य मला पुस्तकात ओळखीचं का वाटलं होतं ते तेव्हा कळलं. तुझी आई, माझी बोर्गहिल्ड मावशी, गेली त्या फेब्रुवारीची गोष्ट. चार दिवस वादळ. तू खालून शवपेटीच्या गाडीमागे येत होतीस. मावशीला तिच्याच चर्चमध्ये न्यायचं होतं, आणि रेडिओ म्हणत होता खिंड बंद. मी पहाटे तीनपासून गाडीला फाळ लावून बसलो होतो. वरचा बर्फ काढावा तर मागचा रस्ता पुन्हा भरायचा. सात फेऱ्या झाल्या. मावशीने मला लहानपणी पोहायला शिकवलं होतं, तिला वाटेत अडकवून ठेवणं मला जमलं नसतं. तुझी गाडी वळणावर माझ्या शेजारून गेली, मी बोट उचललं. तुझं लक्ष नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं, तुझी आई पुढच्या गाडीत होती. मग मी कामाच्या कपड्यांत चर्चच्या मागच्या दाराशी उभा राहिलो. नंतर सभाघरात कप हातात धरून तू म्हणालीस, 'नशीब, रस्ता मोकळा होता.' मला तेव्हा राग आला नाही. आता थोडा आला.

असो. नमनालाच घडाभर तेल झालं आणि कादंबरीबद्दल काही लिहायचंच राहिलं. भाषा चांगली आहे. निसर्गवर्णनं आहेत. तुझे कष्ट दिसतात. एकंदरीत निराशा झाली. दाढीवाल्या गृहस्थांना (किंवा जे असतील त्यांना) नमस्कार सांग, अंगावर लोकर घाल, आणि इकडे ये. आलीस की मांजर दुर्लक्ष करेलच, मी करणार नाही.

तुझा थोरला भाऊ,
ओडवार

ता. क. – तू दुसरं पुस्तक लिहिते आहेस असं टोर्लाइफ म्हणाला. मला खुनी कर असं मी म्हणत नाही. रांगफ्रिद म्हणते ते खरं आहे, मी परवानगी मागेन. नावही नको. तुझी तपासबाई सकाळी गाडीने निघेल तेव्हा समोरून एक बर्फगाडी जाऊ दे, आणि बाईला चाकावरून एक बोट उचलायला सांग. एका ओळीचं काम आहे. जास्त झालं तर निसर्गवर्णनातून कापून घे.

ता. क. २ – तीनशे ब्याण्णव पानं वाचली असं वर लिहिलंय ते पूर्ण खरं नाही. पान चौदानंतर मी फक्त बर्फगाडी शोधत होतो. खुनी कोण ते टोर्लाइफने पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हा माझी निराशा साधारण चौदा पानांपुरती धर, बाकीचं पुस्तक कदाचित उत्तम असेल.

ता. क. ३ – पत्र काल दुकानातल्या पेटीत टाकणार होतो, राहिलं. आज गुरुवार. गुडघ्याने सांगितलं होतं तसा रात्रीतून चाळीस सेंटीमीटर पडलाय, आणि टपालाची गाडी खालून नऊ वाजता निघते. यंदाचा हा बहुधा शेवटचा बर्फ असावा. कॉफी झाली की निघतो. हे पत्र तुझ्या हातात पोचलं, तर समजून घे, सकाळी रस्ता मोकळा होता.